टोकन नाही, तर पाना नाही

३ मार्च, सोमवार

वही नवी, पेन जुनं आणि डोकं तापलेलं. ही दैनंदिनी प्रवासाच्या तयारीची म्हणून आजपासून सुरू करतोय आणि पहिल्याच पानावर तक्रार लिहायची वेळ आली. चिरंजीवांचा फोन होता. म्हणे, "बाबा, माझी मोठी गाडी न्या, ड्रायव्हर देतो. मागे आरामात बसा." मागे बसा! मी काय पार्सल आहे?

मी आणि ही ७ एप्रिलला आमच्या लाल स्पोर्ट्स कारमधून दीपगृहाला जाणार आहोत. जायचे दोन हजार किलोमीटर, यायचे तेवढेच. गाडी दोन माणसांची, कापडी टपाची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. मी तिला घोडी म्हणतो. एकेचाळीस वर्षांपूर्वी, लग्नाला दोन महिने झाले होते तेव्हा, याच घोडीतून आम्ही याच दीपगृहाला निघालो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी कंडेन्सर गेला. अंगठ्याएवढी वस्तू. तो गेला की ठिणगी नाही, ठिणगी नाही की इंजिन नाही. बदलायला दहा मिनिटं लागतात. हात होते, हत्यारं होती, कंडेन्सर नव्हता. घोडी ट्रकवर चढवून परत आणली. ही ड्रायव्हरशेजारी बसून घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. पुढेही त्यावर कधी बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी विसरलो असतो.

या वेळी तीन कंडेन्सर नेणार. आपल्या हातांनी, आपल्या गाडीतून, दीपगृहाच्या पायरीपर्यंत. मग ज्याला जे बोलायचं ते बोलू दे.

६ मार्च, गुरुवार

घरात चोर आहे.

आधी पद्धत सांगतो, म्हणजे गुन्हा किती मोठा ते कळेल. मी चौतीस वर्षं कारखान्याचं टूल स्टोअर सांभाळलं. भिंतीवर फळी, फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली, वर हुक. कामगाराने हत्यार न्यायचं तर आधी आपल्या नंबरचं पितळी टोकन त्या हुकवर लावायचं. हत्यार परत आलं की टोकन परत. टोकन नाही, तर पाना नाही. मोठ्या साहेबांनासुद्धा मी एकदा रिकाम्या हातांनी परत पाठवलंय. एक नंबरचं टोकन स्टोअरकीपरचं. निवृत्त झालो तेव्हा तेच मला दिलं, ते घोडीच्या किल्लीला अडकवलंय.

घरच्या गॅरेजमध्येही तशीच फळी आहे. आज सकाळी यादीप्रमाणे हत्यारं काढायला गेलो, तर छोटा स्क्रू ड्रायव्हर जागेवर नाही! टोकाला लोहचुंबक असलेला, बारीक स्क्रू धरून ठेवणारा, माझा सगळ्यात लाडका. आणि त्याच्या हुकवर काय, तर कपडे वाळत घालायचा पिवळा चिमटा. म्हणजे माझी फळी आता कपड्यांची दोरी झाली! चिमटा काढून धुण्याच्या टोपलीत फेकला.

हिला विचारलं, तर म्हणाली, "सापडेल हो. घरातच असेल." आणि वाचनालयात निघून गेली. हल्ली मंगळवार, गुरुवार, शनिवार वाचनालय. या वयात वाचनाचं वेड.

७ मार्च, शुक्रवार

स्क्रू ड्रायव्हर परत जागेवर! पुसून, तेल लावून. हा कसला चोर? माझी चेष्टा चाललीय.

शिवाय चहाचा अन्याय. आठवडा झाला, ही मला अर्धा कप चहा देते. स्वतःला भरून घेते. विचारलं तर म्हणे, "संपला की परत देते ना, गरम गरम." या घरात मी काय पाहुणा आहे, की मागून मागून प्यावा? अर्थात नवे कप भिकार आहेत हेही खरं. तळ बारीक, कान निसरडा, भरला की सांडलाच. जुने कप कुठे गेले देव जाणे.

११ मार्च, मंगळवार

डिकीचं माप घेतलं. डिकी कसली, चपलांचं खोकं. यात बसवायचं: जॅक, चाकाचा पाना, पान्यांचा संच, दोन पकडी, हातोडी, तीन कंडेन्सर, इंजिनातल्या पॉइंटचे दोन जोड, प्लग चार, फॅन बेल्ट दोन, क्लचची वायर, पाण्याचे पाइप, क्लिपा, तेल, तार, चिकटपट्टी. हिला सांगितलं, तुझी एकच पिशवी, तीही उशीएवढी.

भांडेल असं वाटलं होतं. भांडली नाही. यादी वाचली आणि म्हणाली, "फॅन बेल्ट दोन कशाला? लावलेला तर अजून नवाच आहे. एक पुरे. त्यापेक्षा डिस्ट्रिब्युटरचं एक झाकण घ्या, तडा गेला तर रस्त्यात कुठे मिळणार?"

एकेचाळीस वर्षं माझ्या शेजारी बसून एवढं तरी कानावर पडलं म्हणायचं. संगतीचा परिणाम. झाकण यादीत घातलं.

दुपारी छोटा स्क्रू ड्रायव्हर परत गायब, बरोबर फीलर गेजही. पॉइंटमधली फट मोजायच्या पातळ पात्यांचा तो जुडगा, माझ्या वडलांचा. दोन हुक, दोन पिवळे चिमटे. दोन्ही टोपलीत फेकले. धुणंवाली बाई येते ती विसरभोळी आहे, दिसेल तिथे चिमटे अडकवते.

१३ मार्च, गुरुवार

ही वाचनालयातून आली, तर अंगाला रॉकेलचा वास! विचारलं. म्हणाली, "तिथे फरशी पुसत होते." ज्ञानमंदिराची फरशी रॉकेलने? एक ठिणगी पडली तर हजारो पुस्तकं आणि त्यात माझी बायको! तळपायाची आग मस्तकात गेली. ग्रंथपालांना तिथल्या तिथे कडक पत्र लिहिलं. दोनदा लिहावं लागलं, पहिल्याचं अक्षर वाचता येईना. हे पेन फेकायला हवं.

हिने नखंही कापलीत. कायम जपलेली नखं, अगदी बोटाच्या आत गेलीत. म्हणे पानं उलटताना मध्ये येतात.

१९ मार्च, बुधवार

ग्रंथपालांचं उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवतो, म्हणजे पुढे कामाला येईल. "आमच्याकडे फरशी साध्या पाण्याने पुसली जाते. तसेच आपल्या सौभाग्यवतींचे सभासदत्व तीन वर्षांपूर्वी संपले असून त्यानंतर त्या वाचनालयात आलेल्या नाहीत."

वा रे वा! चोराच्या उलट्या बोंबा! आठवड्यातून तीनदा समोर येऊन बसणारी बाई यांना दिसत नाही, मग पुस्तकं काय दिसणार? नोंदी ठेवाव्यात तर टूल स्टोअरसारख्या. पत्र हिला मोठ्याने वाचून दाखवलं. ही पदर तोंडाला लावून आत पळाली. फार लागलं तिला. मी म्हटलं, "तू जातच राहा, काय करतात बघू." आतून म्हणाली, "जाते हो, जातेच."

२२ मार्च, शनिवार

चिरंजीव स्वतः आले. चहा घेताना सगळा वेळ माझ्या हातांकडे बघत होता. मी कप खाली ठेवला तर कपाकडे बघायला लागला.

"बाबा, नसांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. सोमवारी."

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठी. हात थरथरतात तुमचे."

"थंडी आहे."

"मार्च संपत आलाय, बाबा."

मी सांगितलं, हात दाखवून अवलक्षण करून घ्यायची मला हौस नाही. मला काही झालेलं नाही, आणि झालं असेल तर दीपगृहाहून आल्यावर होऊ दे. तो हिच्याकडे वळला, "आई, तू तरी सांग." हिने काय सांगावं? "ते जाणार म्हणालेत ना, आम्ही जाणार. परत आलो की मीच त्यांना घेऊन जाईन डॉक्टरांकडे. तोवर तू काळजी करू नकोस." मला न विचारता मला घेऊन जाणार! पण निदान घोडीच्या बाजूने बोलली. जाताना चिरंजीवाने मला मिठी मारली, ते मला आवडलं नाही. म्हणजे आवडलं, पण ती कशासाठी मारली ते आवडलं नाही.

२५ मार्च, मंगळवार

सराव म्हणून आज घोडीचा कंडेन्सर काढून परत बसवायला घेतला. तो एका स्क्रूवर बसतो. स्क्रू तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. स्क्रू पडला. दुसरा घेतला, पडला. हल्लीचे स्क्रू म्हणजे निव्वळ लबाडी, खाच नीट पाडलेलीच नसते. तिसरा इंजिनाखाली गेला. कंपनीला पत्र लिहायचं ठरवलं. कागद घेतला, "महोदय" लिहिलं आणि त्या "महोदय"कडे बघत बसलो. मुंगी शाईतून चालत गेल्यासारखं दिसत होतं.

नाचता येईना, अंगण वाकडं. हे मी स्टोअरच्या खिडकीतून किती जणांना ऐकवलंय.

स्क्रू चांगले आहेत. हे वाक्य खोडायचं नाही.

दोन तास लागले, पण बसवला. हिला सांगितलं, पंधरा मिनिटांत झालं.

२९ मार्च, शनिवार

आज अपमानाचा कळस. रस्त्यात कानस भेटला. कारखान्यात हा टर्नर होता, आवाज कानस घासल्यासारखा म्हणून सगळे कानस म्हणायचे. टोकन न लावता मायक्रोमीटर न्यायला बघत होता, मी नेऊ दिला नाही. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. आता दोन गल्ल्या सोडून त्याचं गॅरेज आहे. मी त्या बाजूला फिरकत नाही.

तर हा माणूस आपण होऊन पुढे आला आणि भर रस्त्यात म्हणतो, "साहेब, तुमच्या घरात हात आहे हो! असा स्थिर हात मी माझ्या पोरांत पाहिला नाही."

माझ्या हातावरून टोमणा! मला! गावभर झालं म्हणजे. मी म्हटलं, "तुझ्या जिभेला कानस लाव आधी," आणि चालू लागलो. हिला सांगितलं तर म्हणाली, "तो असं म्हणाला? खरंच म्हणाला?" आणि संध्याकाळभर गुणगुणत होती. नवऱ्याचा अपमान झाला आणि ही गाणी म्हणतेय. घर फिरलं की वासे फिरतात ते असे.

४ एप्रिल, शुक्रवार

भरणी झाली. जड वस्तू खाली मधोमध, नाहीतर घोडी वळणावर मागून झोका खाते. प्रत्येक वस्तू जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळली, नाहीतर दोन हजार किलोमीटर भांड्यांच्या दुकानात बसल्यासारखं होईल. कंडेन्सर तीन ठिकाणी ठेवले: एक डिकीत, एक सीटखाली, एक माझ्या खिशात. एक गेला तर दुसरा, दुसरा चोरीला गेला तर तिसरा.

रोज लागणारी बारीक हत्यारं फळीवरच ठेवलीत, शेवटच्या दिवशी घेणार. हिची पिशवी खरोखर उशीएवढीच. वर एक हातातली पर्स. तिचं वजन बघायला गेलो तर म्हणाली, "बायकांच्या पर्सला हात लावू नये."

६ एप्रिल, रविवार

छोटा स्क्रू ड्रायव्हर नाही. फीलर गेज नाही. टोकदार पक्कड नाही. आठाचा पाना नाही. उद्या सकाळी निघायचं आणि चार हुकांवर चार पिवळे चिमटे माझ्याकडे बघून हसतायत!

मी ओरडलो. आवाज चढला, हे कबूल. धुणंवाली, चिरंजीव, कानस, सगळ्यांचा उद्धार केला. कानसाने सूड उगवला असणार. ही दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मग म्हणाली, "ओरडून झालं असेल तर एक विचारू? तुमचा माझ्यावर विश्वास आहे?"

"हा काय प्रश्न झाला!"

"मग निघू या. लागलं तर मिळेल."

कुठे मिळेल? झाडावर? पण एकेचाळीस वर्षांपूर्वीही एक वस्तू नव्हती आणि आताही नाही, म्हणून घरीच बसायचं, हे मला जमणार नाही. निघतोय.

७ एप्रिल, सोमवार

निघालो. घोडी गुणाची. टप उघडा. हिच्या केसांचं पार घरटं झालं. तरी हसत होती.

९ एप्रिल, बुधवार

रस्त्याकडेच्या विश्रामगृहात बसून लिहितोय. जसं घडलं तसंच लिहिणार, माझ्या बाजूने एक शब्द वाढवणार नाही.

अकराच्या सुमारास मोकळ्या माळावर घोडीने दोन उचक्या दिल्या, मागून फटाका वाजला आणि ठप्प. बॉनेट उघडलं, झाकण काढलं. कंडेन्सर. परत कंडेन्सर! मला हसू आलं. खिशातून नवा काढला आणि हिला दाखवला, "बघ! या वेळी आहे!"

मोठा स्क्रू ड्रायव्हर होता, त्याने जुना काढला. नवा जागेवर धरला. स्क्रू बोटांत घेतला. पडला. माझ्याकडे तसले सहा होते. पहिला गवतात, दुसरा गवतात, तिसरा गिअरबॉक्सवरून खाली. चौथ्याला डावा हात उजव्याला धरून ठेवू लागला आणि दोन्ही हात एकदम हलायला लागले. पाचवा आत पडला असता तर इंजिनाची वाट लागली असती. तोही गवतात गेला.

तेव्हा हात होते, कंडेन्सर नव्हता. आता तीन कंडेन्सर आहेत.

मी मडगार्डला टेकून उभा राहिलो. ट्रक किती वेळाने येईल एवढाच विचार करत होतो. ही उतरली. पर्स बॉनेटच्या कडेला ठेवली आणि तिच्यातून एक कापडी गुंडाळी काढली, बारा खिशांची, हाताने शिवलेली. उलगडली. छोटा स्क्रू ड्रायव्हर. फीलर गेज. टोकदार पक्कड. आठाचा पाना.

"तू!" मी किंचाळलो. "घरातच चोर! नवऱ्याच्या फळीवरून! पाच आठवडे मला वेड्यात काढलंस! टोकन न लावता, न विचारता..."

"टोकन लावलं होतं," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही. शेवटचा स्क्रू माझ्या तळहातावरून स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने उचलला. चुंबकाला चिकटला. "प्रत्येक वेळी लावलं. पिवळा चिमटा. माझ्याकडे पितळी नाही. तुम्ही रोज काढून टोपलीत टाकत होतात."

चौतीस वर्षं स्टोअर सांभाळलं आणि डोळ्यांसमोर लटकणारं टोकन मला ओळखता आलं नाही.

तोवर कंडेन्सर बसला होता. एका फटक्यात. मग तिने पॉइंटची फट मोजली, पातं आत सरकवून, किंचित अडेल इतकी, जशी मी मोजतो तशी. मी कधी शिकवलं नाही तिला.

"कुणाकडे शिकलीस?" विचारायची गरज नव्हती, तोंडातून गेलं.

"कानसाकडे. मंगळवार, गुरुवार, शनिवार. तो म्हणाला, रस्त्यात जी हत्यारं हातात असतील त्यांच्यावरच शिका, वहिनी."

"मी होतो ना घरात! मला सांगितलं असतंस तर!"

"सांगितलं असतं तर तुम्ही शिकवायला बसला असतात." पक्कड पुसून तिने खिशात घातली. "मग तुमचे हात मला बघावे लागले असते. आणि मी बघतेय, हे तुम्हाला."

मला फार राग आला. त्या माळावर मी मोठमोठ्याने बोललो. काय बोललो ते लिहीत नाही, त्यातलं निम्मं हातांना होतं. ती झाकणाच्या क्लिपा लावत राहिली. कानामागून आली आणि तिखट झाली, असंही म्हणालो. "झाले खरी," म्हणाली. मग म्हणाली, "त्या वेळी ट्रकमध्ये मी रागावून गप्प नव्हते. कंडेन्सर म्हणजे काय, हे विचारायचं होतं. तुम्ही इतके चिडला होतात, की विचारायची सोयच नव्हती."

एकेचाळीस वर्षं!

किल्ली फिरवली. घोडी पहिल्या फेऱ्यात सुरू झाली.

११ एप्रिल, शुक्रवार

दीपगृह. दुपारी चारला पोचलो. पांढरं, उंच आणि पायऱ्या मोजवणार नाहीत इतक्या. घोडी अगदी पहिल्या पायरीला टेकवून उभी केली. रखवालदार ओरडला, त्यालाही दोन सुनावले. एकेचाळीस वर्षांनी आलोय, म्हटलं, पाच फूट मागे घ्या काय सांगता?

वर जाण्याआधी एक काम होतं. हिच्या बाजूच्या आरशाचा स्क्रू सैल झाला होता, मोठा स्क्रू, तो मला जमतो. हात पुढे केला आणि म्हटलं, "स्क्रू ड्रायव्हर दे."

तिनेही हात पुढे केला, रिकामा. "टोकन?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. तोंडावरची रेषही हलवली नाही तिने. मी ज्या खिडकीत चौतीस वर्षं उभा होतो, त्या खिडकीत ही उभी.

घोडीची किल्ली काढली. कडं उघडायला मला वेळ लागला. तिने मदत केली नाही, थांबली. एक नंबरचं टोकन सुटलं, ते तिच्या तळहातावर ठेवलं.

"हे तर स्टोअरकीपरचं," ती म्हणाली. "हे हुकवर लावलं तर स्टोअर कोण बघणार?"

"तू."

तिने पर्समधून एक पिवळा चिमटा काढला, टोकन त्यात अडकवलं आणि ती गुंडाळी उलगडून पहिल्या खिशाला लावलं. स्क्रू ड्रायव्हर मला दिला. मी आरसा घट्ट केला. स्क्रू ड्रायव्हर परत केला, पण टोकन मागितलं नाही.

वर जाऊन समुद्र बघितला. खाली आल्यावर पायरीवर बसून हिने थर्मास उघडला आणि मला चहा दिला. अर्धा कप.

संपल्यावर मी दुसऱ्यांदा मागून घेतला.